ओंडका वर कोणी नेला

७ नोव्हें., शुक्रवार

आधी आली मीनलताई. लिफ्टचं दार उघडायच्या आत तिच्या अत्तराचा वास घरात. मागून तिचा नवरा, सरपोतदार, पुण्याचे, रिफायनरीत मोठे इंजिनीअर आणि इथल्या कुवेतच्या आपल्या मंडळाचे सेक्रेटरी. सगळ्यात शेवटी बाळा सुतार, मंडळाचं स्टेज ठोकणारा. तो दारातच. चप्पल काढू की नको. म्हटलं, ये रे बाबा आत, तुझ्या पायाने फरशी झिजत नाही.

काम काय, तर मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात यंदा सावरघाटाच्या गाडीरस्त्याचं नाटुकलं आहे. देशावरून खाली बंदरापर्यंत पहिली बैलगाडी उतरली, तो रस्ता. सरपोतदारांचे पणजोबा त्या रस्त्यावर मुकादम होते. आमचा सुहास कुठेतरी बोलून गेला की आमच्या आईचं माहेर पायरवाडी, त्याच घाटाच्या पायथ्याला. झालं. आली मंडळी फोन घेऊन. "काकू, तुम्ही फक्त बोला, आम्ही रेकॉर्ड करतो."

मला काय, बोलायला सांगायचा अवकाश. दुपारभर या घरात मी आणि एसी, दोघंच घरघरत असतो. सगळं सांगितलं. घाट फोडायला वेठीला नेलेली माणसं, वरून सुटलेले धोंडे, ओंडके, सगळं. चिवडा संपला. मीनलताईने तीनदा घेतला आणि वर म्हणे डाएटवर आहे.

ईरा माझ्या मांडीला चिकटून ऐकत होती. नऊ वर्षांची झाली तरी चिकटते, गुलाम. मध्येच म्हणाली, "आजी, सो द कार्ट हॅड नो ब्रेक्स?" काय डोकं! अख्ख्या बैठकीत मुद्द्याचा प्रश्न तिचाच. मी म्हटलं, नव्हते गं बाई, म्हणून तर ओंडका.

सरपोतदार मात्र मधे मधे "हो हो, ते ठीक" करत होते. "वेठ" म्हटलं की हो हो ते ठीक. चहात साखर जास्त झाली असावी.

९ नोव्हें., रविवार

इथे रविवारी कामं चालूच, ईरा शाळेत, सु. आणि सून प्रा. ऑफिसात. गॅलरीतून रिफायनरीची ज्योत दिसते, दिवसासुद्धा. आमच्याकडे देवापुढचा नंदादीप असा जळला तर सासू म्हणाली असती तेल कोण भरतंय.

ओंडक्याचं परवा नीट सांगून झालं नाही, बाळाला घाई होती. इथे लिहिते.

घाट एवढा उभा की भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येई. पहिली गाडी तशीच आली म्हणे, बैलांसकट खाली नदीत. मग गाडीवानांनी युक्ती काढली, गाडीच्या मागे जाड ओंडका दोराने बांधायचा. तो फरफटत येतो, गाडी रोखून धरतो. पायथ्याला आलं की दोर सोडायचा आणि निघायचं बंदराकडे. ओंडका आमच्या पायरवाडीत पडलेला.

आता वरच्या पुढच्या गाडीला ओंडका कुठला? जंगलाला सरकारने शिपाई बसवलेले, तोड बंद. वर चढणाऱ्या गाड्यांत मीठ न् सुकी मासळी, बैलांच्या तोंडाला फेस, त्यात ओंडका कोण घालणार. मग बायका. आमच्या वाडीच्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ओंडका, पुन्हा घाटमाथा. माझी आजी लग्न होऊन आली ती दुसऱ्या दिवशी सासूबरोबर वर गेली. मोटारीचा रस्ता झाला तेव्हा कुठे थांबलं ते. तिच्या टाळूवर चुंबळीएवढ्या जागेत केस नव्हते. मी लहानपणी त्यावर तेल घालायची, गुळगुळीत लागायचं, कैरीसारखं.

घासून घासून एका अंगाने सपाट झालेला ओंडका पुढे कामाचा नाही. तो मग घरी. आमच्या वाडीत सगळ्या घरांचे उंबरे त्याचेच. आयते सपाट. नवी नवरी आली की उंबऱ्यावर आधी हळदीकुंकू, मग माप. मी सासरी गेले तिथला उंबरा रंधा मारलेला, चकचकीत. पाय टेकवताना वाटलं, हे काय, याला काही माहीतच नाही.

गोळी घ्यायची राहिली. घेतली.

११ नोव्हें., मंगळवार

डोकं फिरलंय.

सरपोतदारांनी नाटुकल्याचं लिखाण फोनवर पाठवलं. प्रा.ने वाचून दाखवलं, मी भाजी निवडत होते. "दुर्गम भागातील अडाणी ग्रामस्थ सुरुवातीस घाबरतात." अडाणी! "मुकादम त्यांना रस्त्याचे महत्त्व पटवून देतात." पटवून! आमच्या आजीची आजेसासू ओली बाळंतीण होती तिला धोंडे वाहायला नेलं, ते पटवून नेलं वाटतं. शेवटी "ग्रामस्थ साहेब व मडमेचे औक्षण करतात. गाडी मौल्यवान लाकूड घेऊन बंदराकडे प्रस्थान करते."

मौल्यवान लाकूड म्हणजे ओंडका. ओंडका गाडीत चढवलाय यांनी! माल म्हणून! अहो, मी तासभर बसून काय सांगितलं मग? चिवडा तेवढा नीट लक्षात राहिला असेल.

बायका आहेत. दोन. औक्षणाला.

आणि मडम कोण? आमची ईरा. गोरी आहे ना, प्रा.वर गेली आहे. पिसांची हॅट आणली सुद्धा मीनलताईने, संध्याकाळी पोचती केली. पोर ती घालून जेवायला बसली. आमटीत पिसं. आरशापुढून हलेना. "आजी, आय सिट ऑन टॉप ऑफ द कार्ट!" इतकी गोड दिसत होती, गुलाम.

माझ्या हातून भांडी जरा जोरात लागली. सु. आतून, "आई, काही पडलं का?" म्हटलं, नाही रे, अजून नाही.

१३ नोव्हें., गुरुवार

तालीम. एका बिल्डिंगच्या सिरदाबमध्ये, म्हणजे तळघरात. इथे मोठ्या घरांना असतं. ट्यूबलाइट, सतरंज्या, समोशाचा वास. बाळाने गाडी झकास केली आहे. चाकं नुसती प्लायची, पण आऱ्या, धाव, सगळं जागच्या जागी. बैल दोन मुलगे, पाठीवर झूल, आणि दोघंही फोन बघतायत.

आणि ओंडका गाडीत. रिफायनरीत पाइपवर गुंडाळतात तो फोम असतो, त्याचा केलेला, तपकिरी रंग दिलेला. त्याच्यावर ईरा, हॅट घालून.

मला राहवलं नाही. उठले. म्हटलं, "आधी तो ओंडका खाली उतरवा."

सरपोतदार हसले. "काकू, ते सिम्बॉलिक आहे."

"सिम्बॉलिक तुमच्या घरी. ओंडका मागे बांधतात. न् उतरला की तो वर न्यायला बाई लागते. ती कुठाय?"

"औक्षणाला दोन आहेत ना?"

"औक्षण! ज्याने वेठीला धरलं त्याला ओवाळायचं? तुमच्या घरी पठाणी व्याजवाला आला तर निरांजन लावता का?"

मीनलताई म्हणाली, "काकू, पाणी घ्या." मला पाणी नको होतं. तेवढ्यात तो बाळा, पटाशी हातात, खी खी हसतोय. त्याचं गाव रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, बंदरावर. म्हणतो, "काकी, रागावू नका हां. पण आमचे आजोबा सांगायचे, पायरवाडीच्या बायका ओंडके चोरायच्या. चोरायच्या न् परत गाडीवानालाच द्यायच्या, मीठ घेऊन."

सगळे हसले. ईराही हसली. वर बसून.

मी चपला घातल्या आणि सु.च्या गाडीत जाऊन बसले. गाडी बंद, काच बंद. उकडलं. बसले तशीच.

१४ नोव्हें., शुक्रवार

सु. म्हणतो, "आई, सात मिनिटांचं नाटक आहे." मी म्हटलं, मग सात मिनिटं खरं बोलायला काय होतं? म्हणतो, "सरपोतदारांना वाईट वाटेल, त्यांच्या पणजोबांचा विषय आहे." माझ्या आजीचा विषय नाही वाटतं. त्या मुकादमासारखा तिचा फेट्यातला फोटो नाही, एवढंच ना.

मी जाहीर करून टाकलं, ईरा ती हॅट घालून त्या गाडीवर बसणार नाही.

चूक झाली की काय कळत नाही. पोर रडली नाही. रडली असती तर जवळ घेतली असती. ताट सरकवलं आणि म्हणाली, "इट्स जस्ट अ हॅट, आजी. यू स्पॉइल एव्हरीथिंग." आणि दार लावून घेतलं.

एव्हरीथिंग म्हणे. तिच्या बारशाला मी तीन महिने दुपटी न् गोधड्या शिवत होते ते एव्हरीथिंगमध्ये येतं का. जाऊ दे.

संध्याकाळी प्रा. मला फहाहीलच्या मासळीबाजारात घेऊन गेली, मी गप्प राहिले की ती मासे दाखवते. शहाणी आहे. पापलेटला इथे जुबेदी म्हणतात, भाव ऐकून त्यालाच औक्षण करावं. परत येताना गाडीत प्रा. म्हणाली, "आई, तुम्ही काल सगळ्यांवर ओरडलात. ईराला नुसतं नाही म्हणालात. का ते तिला कुठे सांगितलंत?"

सांगितलं की. ती मांडीशी होती ना ७ तारखेला.

पण ती ब्रेक्सपर्यंतच ऐकत होती बहुतेक. मग टीव्ही.

१६ नोव्हें., रविवार

बाळा आला. स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी सु.ने त्याला सांगितली होती. मी दार उघडलं, म्हटलं, ये चोर पकडणाऱ्या.

"काकी, अजून राग हाय?"

"हाय."

खुबूस, म्हणजे इथली रोटी, होता आणि काल रात्रीचं कालवण. मेसमध्ये राहतो, आठ जण एका खोलीत, पाळीपाळीने डाळ करतात. जेवला. जेवता जेवता भांडलो. मी म्हटलं, चोरी कसली, हमाली होती ती. डोक्यावर वाहून न्यायचा, त्याचं मूठभर मीठ. तो म्हणतो, तसं नाय वो. गाडीवान वर ओंडक्यासाठी थांबलेला, आणि तुमच्या बायका ओंडका झुडपात लोटून वर बसलेल्या. "मीठ टाक, मग ओंडका. जास्त टाक, मग चांगला ओंडका." त्याचा आजा गाडीवान. एकदा दिवसभर माथ्यावर खोळंबला, बैलांसकट उपाशी. घरी येऊन बायकोला म्हणाला, सरकार परवडलं, पायरवाडीच्या बाया नकोत.

मी कणीक मळायची थांबले.

आजी असं काही कधी बोलली नाही. पण आमच्या घरी मिठाचं मडकं कधी रिकामं नव्हतं, शेजारच्या वाडीतून लोक उसनं न्यायला येत. हे आज इतक्या वर्षांनी डोक्यात आलं, कुवेतात, बाळाच्या तोंडून.

लपवले असतील तर झकास केलं! अजून लपवायचे होते! वेठीने रस्ता काढून घेता, वर ओंडके फुकट पाहिजेत?

बाळा म्हणतो, "म्हंजे चोरलेच ना?" लाटणं दाखवलं. हसत पळाला. दारातून म्हणाला, "ओंडका मागे बांधायची कडी मी गाडीला ठोकतो. सायबांस विचारत नाय." आणि मग, "एका अंगानं सपाट ना?" मी म्हटलं, हो. सपाट. उंबऱ्यासारखा.

बिजागरी तशीच राहिली.

१८ नोव्हें., मंगळवार

आज मी जे केलं ते सु.ला सांगितलेलं नाही, प्रा.ला अर्धं माहीत आहे.

चार दिवस पोर माझ्याशी "हं" आणि "नो" एवढंच. शाळेतून आली, म्हटलं, चल खाली, गंमत. आली, पण फुगून. पार्किंगचा उतार आहे ना, तळमजल्यावरून खाली जाणारा, तिथे जमियाची, म्हणजे इथल्या सोसायटीच्या दुकानाची, ट्रॉली कोणीतरी सोडलेली. तिला म्हटलं, बस. "आजी, आर यू सीरियस?" बस म्हटलं. बसली. कपडे वाळत घालायची दोरी मी नेली होती, तिने दहा किलो तांदळाची गोणी ट्रॉलीच्या मागे बांधली. दांडा मी धरला, दोन्ही हातांनी. मी गाडीवान, मीच बैल.

उतारावर ट्रॉली सुटायला बघते, गोणी खर्र करून मागे ओढते. माझे गुडघे बोंबलत होते. ईरा किंचाळतेय, आनंदाने! वरून हारिस, म्हणजे आमचा वॉचमन, बांगलादेशी, धावत आला, "अम्मा, क्या करता, पागल हो गया?" त्याला म्हटलं, गाडी जाता है, बाजू.

खाली पोचलो. गाल लाल, केस तोंडावर. "अगेन, आजी, अगेन!"

म्हटलं, करू की. पण गोणी खाली आली. वर कोण नेणार?

"यू?"

"मी गाडीवान. मी चालले बंदराला."

ती ट्रॉलीतून उतरली. मग दोर सोडला. गोणी डोक्यावर जाईना, छातीशी धरून निघाली. दोन ठिकाणी टेकली. हारिस मदतीला येत होता, मी डोळे वटारले. वर पोचली तेव्हा घामाघूम, हाताला गोणीची नक्षी उमटलेली. मीही मागून चढले, तशी बसली तिथेच, उतारावर, माझ्याशेजारी. मग विचारलं, मराठीत, "तुझी आजी किती वेळा न्यायची?"

"दिवस मावळेपर्यंत."

"आणि कार्टमधले लोक थँक यू म्हणायचे?"

आजीची टाळू सांगितली. तिने माझ्या टाळूला हात लावून बघितला. तिथे आहेत केस, अजून.

तांदळाची गोणी खालून फाटली आहे. प्रा.ने विचारलं. म्हटलं, घासली.

१९ नोव्हें., बुधवार

सरपोतदारांना मी स्वतः फोन केला. म्हटलं, ईरा बसेल मडम म्हणून, हॅट घालून बसेल, माझी ना नाही. फक्त शेवटी एक बाई ओंडका घेऊन परत जाते तेवढं घाला.

"काकू, परवा कार्यक्रम. ॲम्बेसीचे पाहुणे आहेत. लाइट-साउंड बसलंय."

"एक बाई. चालत जाते. तिला साउंड नको."

मग म्हणाले, हळू, "माझी आई येणार आहे ऑनलाइन बघायला. नव्वदीची आहे. तिच्या आजेसासऱ्यांनी वेठ घेतली असं मी तिच्यासमोर स्टेजवरून सांगू?"

आवाज खरा होता. वाईट वाटलं मला. आणि वाईट वाटलं याचा जास्त राग आला. त्यांना आई आहे म्हणून माझ्या आजीने अजून खालीच बसायचं का? मी म्हटलं, "तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा," आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे ठेवता येत नाही या फोनला. ईराने बंद करून दिला.

तिने सगळं ऐकलं होतं.

२१ नोव्हें., शुक्रवार

आत्ताच लिहिते.

हॉल भरलेला. गजरे, पैठण्या, परफ्यूम. आमचं नाटुकलं तिसरं. साहेब, मुकादम, "रस्त्याचे महत्त्व". औक्षण झालं. मी खाली बघत होते. मग गाडी निघाली, ईरा वर, राणीसारखी हात हलवत. गाडीत लाकूड नव्हतं. बाळाने ओंडका मागे बांधला होता! फोमचा नाही, खरा, कुठल्या तरी खजुराचा, एका अंगाने तासलेला. स्टेजभर खर्र खर्र. सरपोतदार विंगेतून मान लांब करून बघतायत. गाडी बंदरावर पोचली, कडी सुटली, टाळ्या, सगळे आत.

ओंडका स्टेजवर पडलेला.

निवेदिका पुढच्या नाचाचं नाव घेते, मुली घुंगरू घालून उभ्या, आणि ओंडका मधोमध. तो आत न्यायचा कोणाच्या लिखाणात नाही ना! कोणी तरी हसलं. दिवा जाईना की येईना.

आणि माझी ईरा बाहेर आली. हॅट डोक्यावर. एकटी. वाकली, ओंडका उचलायला गेली, उचलेना. छातीशी धरला, एक टोक जमिनीवर. आणि ओढत निघाली, जिकडून गाडी आली त्या बाजूला. उलट. दोनदा टेकली. अख्खा स्टेज. पुढच्या रांगेतल्यांना वाटलं पोरीचा गोंधळ झाला, "सो क्यूट" म्हणाले. मागून, मेसवाल्यांच्या बाजूने, एक जण टाळ्या वाजवत होता. तो कोण ते मला बघायला लागलं नाही.

विंगेत शिरताना हॅट पडली. परत येऊन घेऊन गेली. हॅट सोडणार नाही ती.

मी रडले नाही. प्रा. रडली. सु. माझा हात धरून बसला, लहानपणी जत्रेत धरायचा तसा.

सरपोतदार चहाच्या वेळी समोरून गेले. थेट दुसऱ्या टोकाला.

२३ नोव्हें., रविवार

मंडळाच्या ग्रुपवर काल रात्री व्हिडिओ आला. सकाळी तीनदा लावून घेतला प्रा.कडून. टाळ्यांवर संपतो. गाडी बंदरावर पोचते, टाळ्या, संपलं. पोर परत येते ते नाही. कापलं!

ईराने बघितला. "वेअर इज माय पार्ट?" म्हणाली, आणि हॅट कपाटावर टाकली.

मी पुन्हा फोन लावायला लावला. म्हटलं, सरपोतदार, लहान पोरीने ओढत नेलेलं कापलंत? आमच्या बायकांचं कापलंत ते एक वेळ जुनं झालं. हिचं परवाचं आहे. ती मला विचारतेय. काय सांगू?

मग म्हणाले, आईने पूर्ण बघितलं होतं, ऑनलाइन. कार्यक्रम झाल्यावर तिने फोन केला. विचारत होती, ती मुलगी ओंडका घेऊन कुठे चालली होती? "मला सांगता येईना, काकू. मीनलने एडिट केलं, मी नको म्हटलं नाही." मग म्हणाले, आम्ही येऊ का? परत रेकॉर्ड करू. पणजोबांचंही, तुमच्या आजीचंही. आईला पाठवायचंय.

खरं किती, मला शांत करायला किती, देव जाणे. म्हटलं, या. बाळालाही आणा, त्याच्याकडे चोरीची हकीकत आहे, तीही घ्या. पण या वेळी मधे मधे हो हो ते ठीक करायचं नाही. चिवडा मिळणार नाही. चहा देईन.

ईराला सांगितलं. ती म्हणते, या वेळी फोन मी धरणार, आणि बंद करायचा ते मीच ठरवणार.

येतो म्हणाले. शुक्रवारी, २८ तारखेला, जुम्याची नमाज सुटल्यावर.